दुकानाची पाटी आणि लग्नाचा बायोडेटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या परदेशी कामे मिळवण्याबद्दलचा लेख वाचला. प्रोफाइल पूर्ण भरा, हसरा फोटो लावा, कीवर्ड टाका, सकारात्मक राहा, असे त्यात बरेच काही होते. चूक म्हणावे असे काही नाही. पण ज्यांना हे वाचून काम मिळेल त्यांना ते वाचायची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्या हाती त्यातून काही लागणार नाही, असे मला वाटले. लेखाच्या बरोबर खाली ‘प्रोफाइल बनवून मिळेल, कामाची हमी’ अशी एका क्लासची जाहिरात पाहून तर हसू आले. तीन वर्षांपूर्वी अशाच एका क्लासला मी १२,००० रुपये मोजले आहेत, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी २३ वर्षे अक्षरजुळणी केली. हल्ली तिला डीटीपी म्हणतात. आमचे मालक मात्र छपाईचे शिशाचे खिळे जाऊन संगणक आले तरी शेवटपर्यंत आम्हाला ‘जुळारी’च म्हणत. आधी पेजमेकरवर हात बसला, मग इनडिझाइनवर; दोन्ही पाने मांडायची सॉफ्टवेअर. गाइडे, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, कुलवृत्तांत, मुंजीच्या पत्रिका, सगळे या हातांखालून गेले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, लग्ने बंद, तेव्हा छापखान्याला तरी काम कुठले? पुढच्या वर्षी मालकांनी यंत्रे विकली. अप्पा बळवंत चौकात चार ठिकाणी विचारून आले. सगळीकडे उत्तर एकच : ताई, आमचेच दोघे बसून आहेत.

म्हणून तो क्लास. नाव घेत नाही. आठ शनिवार. तुकडीत आम्ही २६ जण : निवृत्त शिक्षिका, नुकतेच इंजिनिअर झालेले तिघे, घरून जमाखर्च लिहिणाऱ्या एक बाई, लग्नाचे फोटो काढणारा एक. सरांनी सगळ्यांना एकच इंग्रजी परिच्छेद दिला आणि त्यात फक्त नाव आणि धंदा बदलायला सांगितला. मी अत्यंत मेहनती, समर्पित आणि ध्येयवेडी व्यक्ती असून शंभर टक्के समाधानाची हमी देते, असा काहीसा त्याचा अर्थ. कौशल्यांच्या रकान्यात १७ कौशल्ये भरायला लावली. मला डेटा एंट्री येते, लोगो येतो, भाषांतर येते, सोशल मीडिया येतो, असे मी बिनदिक्कत लिहिले. लोगो मी आयुष्यात एकच केला आहे, धाकट्या दिरांच्या रसवंतीचा, आणि तो त्यांनी लावला नाही. फोटोसाठी टिकली काढून कोट घाला, असेही सुचवण्यात आले. कोट यजमानांचा, आमच्या लग्नातला. तो घालून काढलेला फोटो घरात अजून आहे, पाहुणे आले की हसायला बरा. टिकली मात्र काढली नाही. दर ताशी ३ डॉलर ठेवला, कारण ‘सुरुवातीला पडतं घ्यायचं असतं’.

पुढच्या चार महिन्यांत चाळीसएक ठिकाणी प्रस्ताव पाठवले. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अपवर्कवर, म्हणजे घरबसल्या कामे देणारे-घेणारे जिथे भेटतात त्या संकेतस्थळावर, काम मागायला ‘कनेक्ट’ नावाची तिकिटे लागतात. एक कनेक्ट १५ सेंटचे आणि एकेका कामाला ती बरीच लागतात. गाडी पोचो न पोचो, तिकीट फाडलेलेच. आणि समोरची गर्दी काही कालपरवाची नाही. अपवर्क हे नाव २०१५ चे असले तरी ज्या दोन कंपन्या एकत्र येऊन ते उभे राहिले त्यांतली ओडेस्क २००३ पासून होती. फायव्हर हे तसलेच दुसरे संकेतस्थळ, २०१० चे. म्हणजे मी दाराशी पोचले तेव्हा आत लोक वर्षानुवर्षे दुकान मांडून बसले होते, एकेकाच्या नावावर शेकडो शाबासक्या. त्यांच्यात जाऊन मी सांगत होते की मी मेहनती आहे.

चाळीस प्रस्तावांना उत्तरे आली दोन. त्यांतले एक भामट्याचे होते, त्याबद्दल पुढे लिहिते.

माझी भाची बाणेरला एका कंपनीत आहे. तिचे काम नेमके पलीकडच्या बाजूचे : कंपनीसाठी बाहेरची माणसे ती निवडते. गणपतीत आली होती. मोदक वळता वळता मी गाऱ्हाणे सुरू केले. तिने पिठाचे हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि माझे प्रोफाइल उघडण्याऐवजी मला एक यादी दाखवली, तिला रोज दिसते तशी. एकाखाली एक माणसे. प्रत्येकाचा नखाएवढा फोटो, हुद्द्याची एक ओळ, दर, आणि त्याखाली मजकुराच्या पहिल्या दोनेक ओळी. बाकीचे सगळे आत, कोणी टिचकी मारली तर.

“मावशी, यात तू कोणती ते शोध,” ती म्हणाली.

मला मीच लवकर सापडेना. त्या दोन ओळींत मी मेहनती आणि समर्पित होते, माझ्या वरच्या बाई मेहनती आणि समर्पित होत्या, खालचा मुलगाही तसाच. त्यातला एक तर आमच्याच तुकडीतला फोटोवाला निघाला.

“एकेका माणसावर माझे चार सेकंद जातात,” भाची म्हणाली. “त्यात तुझा स्वभाव कळून मी काय करू? माझी अडलेली फाइल कोण सोडवेल ते कळू दे.”

तेव्हा लक्षात आले, आपण मराठी माणसे स्वतःबद्दल लिहायला बसलो की लग्नाचा बायोडेटाच लिहितो. जन्मतारीख, शिक्षण, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, अपेक्षा अनुरूप. नोकरीचा अर्जही त्याच वळणाचा. लग्नात ते खपते, कारण पुढे मंडळी कांदेपोह्यांना घरी येतात आणि खरे-खोटे डोळ्यांनी बघतात. ऑनलाइन पोहे खायला कोणी येत नाही. तिथे लागते दुकानाची पाटी, आणि त्या विद्येत पुणेकरांचा हात कोण धरणार! आपल्या पाट्यांना लोक तिरकस म्हणून हसतात, फोटो काढून फिरवतात, पण त्यांतले कसब कोणी बघत नाही. काय मिळेल, काय मिळणार नाही, किती वाजता मिळेल, उधारी आहे की नाही, सगळे चार ओळींत आणि रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरात. आमच्या गल्लीतल्या गिरणीवर लिहिले होते, ‘फक्त गहू, ज्वारी, बाजरी. मिरची-हळद दळून मिळणार नाही. डब्यावर नाव नसल्यास डबा आमचा.’ गिरणीवाल्याने आपण ध्येयवेडे असल्याचे कुठे लिहिले नव्हते. तरी सकाळी सातला डब्यांची रांग असे.

भाचीने मग एकच विचारले. छापखान्यात असं कोणतं काम होतं, की बाकीच्यांनी हात टेकले की ते तुझ्या टेबलावर यायचं?

याला विचार करावा लागला नाही. जुन्या फाइली.

नव्वदच्या दशकात ज्यांनी काही छापून घेतले असेल त्यांना हा त्रास ठाऊक असेल. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली देवनागरी चित्रे. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. तो नसेल त्या संगणकावर खालची इंग्रजी अक्षरे, टिंबे, डॉलरची चिन्हे उघडी पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, मराठी अक्षराला स्वतःचे घर मिळाले आणि पुढचा घोळ मिटला, पण मागचे गठ्ठे तसेच राहिले. त्यांचे रूपांतर करणारी साधने आहेत, फुकटही आहेत. ती अडखळतात मात्र ठरलेल्या जागी. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टंकत. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचे उलटे : तो अक्षराच्या डोक्यावर म्हणून नंतर टंकला जाई, युनिकोडला त्याचा ‘र’ आधी लागतो. आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ तर आपली घरची जोडाक्षरे. हिंदीला त्यांची गरज पडत नाही, म्हणून पुष्कळ साधनांच्या ती गावीही नसतात. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो.

मांडणीचे दुखणे निराळे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडला नाही तर जोडाक्षरे सुटी होतात, पाय मोडलेली अक्षरे उघडी पडतात, वेलांटी भलत्या बाजूला जाते. मराठी न वाचणाऱ्या परदेशी डिझायनरला ते कळायला मार्ग नाही. त्याला सगळीच अक्षरे सारखी सुंदर. शिवाय आपला ‘ल’ आणि ‘श’. फॉन्टमध्ये मराठी वळण असले तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय पुष्कळदा हिंदी वळणाचाच ‘ल’ समोर येतो. बहुतेकांना त्याने काही फरक पडत नाही. मला पडतो, आणि ज्यांना पडतो ते पैसे देतात, हे पुढे कळले.

“मग हेच लिही की!” भाची म्हणाली.

मला पटेना. एवढीशी गोष्ट, तिला कोण विचारणार?

“ज्याची फाइल मोडलीय तो.”

आता नमुने काय दाखवायचे हा पेच. हजारो पाने केली, पण पुस्तके प्रकाशकांची, मजकूर लेखकांचा. जुन्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, मुखपृष्ठ दाखव हवं तर, आतली पानं नको. बरोबरच होते त्यांचे. शेवटी मी आईची अळूच्या फदफद्याची कृती घेतली. तिच्यावर हक्क सांगायला कोणी येणार नाही; फार तर मामी म्हणतील, गूळ जास्त झालाय. ती कृती जुन्या फॉन्टमध्ये टंकली, एका फुकट साधनातून काढली आणि जशी मोडून आली तशी पानाच्या डाव्या अंगाला ठेवली. उजवीकडे तीच, मी दुरुस्त केलेली. गंमत म्हणजे माझ्या धंद्यातली सगळी दुखणी त्या एका कृतीत निघाली. ‘हरभऱ्याची डाळ’ आणि ‘ओल्या खोबऱ्याचे काप’ यांत ‘ऱ्य’. ‘पाने धुऊन वर्तमानपत्रावर पसरावीत’ यात रफार. ‘भिजवलेले शेंगदाणे’ यात वेलांटी, ‘ल’ आणि ‘श’ एकदमच. डावीकडे डाळ ‘हरभर्याची’ झाली होती, ‘चिंच’मधली वेलांटी निसटून ठिपक्यांच्या एका वर्तुळावर जाऊन बसली होती. अशा पाच जागांना लाल घेर केले आणि प्रत्येकाशी इंग्रजीत एकेक ओळ लिहिली. मराठीचे एक अक्षर न येणाऱ्यालाही डावे-उजवे कळते. हे पान माझ्या नमुन्यांत सर्वांत वर आहे. तेव्हापासून काम घेऊन आलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी विचारले असेल, की हा पदार्थ कोणता.

मग पाटी लिहिली. शीर्षकाला जागा ७० अक्षरांची. त्यात आधी ‘डीटीपी ऑपरेटर, डेटा एंट्री, लोगो, भाषांतर’ असा खिचडा होता. आता आहे ते मराठीत सांगायचे तर, ‘जुन्या फॉन्टमधले मराठी युनिकोडमध्ये, मराठी पुस्तकांची मांडणी’. त्याखालच्या ज्या दोन ओळी यादीत दिसतात त्यांत ‘मी’ हा शब्दच काढून टाकला. ‘तुमच्या जुन्या फाइलमधले मराठी वाचता येत नाही का? एक पान दाखवा; काय मोडले आहे आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील ते कळवले जाईल.’ माझी २३ वर्षे तिसऱ्या परिच्छेदात गेली. मला ते लागले थोडे, खोटे कशाला बोलू. माणसाला वाटते, एवढी वर्षे घासली, ती दारावर लावावीत. १७ कौशल्यांची पाच केली. आणि अगदी शेवटी गिरणीवाल्याला स्मरून लिहिले : भाषांतर करत नाही, लोगो करत नाही, मोडी वाचत नाही. भाची म्हणाली, गिऱ्हाईक घालवशील. झाले उलटेच. एकांनी पहिल्याच निरोपात लिहिले, की तुम्ही काय करत नाही ते वाचून तुम्हाला लिहितोय.

फोटोही बदलला. सकाळी आठ वाजता गॅलरीत, उजेडाकडे तोंड करून, रोजच्या सुती साडीत. चेहरा मोठा घ्यायचा, कारण यादीत तो नखाएवढाच दिसणार. बस, फोटोबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखे काही नाही. लोक उगाच त्यावर तासन्तास घालवतात.

तीन आठवडे काहीच नाही. मग न्यू जर्सीतल्या एका मराठी गृहस्थांचे काम दिसले. १९९६ साली छापलेला त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत, ३४० पाने, फाइली सीडीवर. नवी आवृत्ती काढायची होती. त्यांनी नमुन्यादाखल एक पान जोडले होते, फुकट साधनातून काढलेले. आधीची मी असते तर ‘आदरणीय महोदय, आपली जाहिरात वाचून अत्यानंद झाला’ असे लिहिले असते. या वेळी ते पान दोनदा वाचले आणि पहिल्याच ओळीत लिहिले : आपल्या पानाच्या तिसऱ्या परिच्छेदात पणजोबा वाड्यावर ‘आचार्यांच्या’ हाताखाली होते असे आले आहे, पुढे पंगतीचा आणि भांड्यांचा उल्लेख आहे, तेव्हा मूळ शब्द ‘आचाऱ्यांच्या’ असावा, आपण छापील प्रत पाहावी. त्याखाली पानामागे दर आणि सहा आठवडे मुदत. एवढेच.

दुसऱ्या दिवशी मराठीतून उत्तर आले. छापील प्रतीत ‘आचाऱ्यांच्या’च होते. ‘आपण सांगितले नसते तर घरात कोणाच्या लक्षात आले नसते, उलट सगळ्यांना आवडलेच असते,’ असे त्यांनी लिहिले. काम मला मिळाले.

पानाला दीड डॉलर घेतला. ताशी ३ डॉलर काढून टाकले होते. तासाचा हिशेब माझ्यासारखीला परवडत नाही. जो हात २३ वर्षांत भराभर चालायला शिकला त्यालाच त्यात दंड बसतो. शिवाय ३ डॉलर बघून येणारे गिऱ्हाईक काम बघत नाही, ते आणखी अडीचला देतो म्हणणारा शोधत असते. पानावर बोलले की दोघांनाही आकडा आधीच कळतो. काम संपल्यावर त्या गृहस्थांना मी म्हटले, अभिप्राय लिहाल तर ‘उत्तम काम’ असे नका लिहू, काय मोडले होते आणि काय जुळले ते लिहा. त्यांनी रफार आणि आचारी दोन्ही लिहिले. पुढचे काम, जर्मनीतल्या एका डिझायनरचे मराठी आरोग्यपत्रक, त्या अभिप्रायामुळेच आले. त्यांना रफार म्हणजे काय ते कळले नव्हते, पण बाईंना कुठे बघायचे ते कळते, एवढे कळले होते.

वेळेबद्दल एक गंमत. आपली दुपारी एक ते चारची वामकुक्षी जगभर बदनाम आहे. पण न्यू यॉर्कात तेव्हा उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन ते साडेसहा वाजलेले असतात. खुशाल झोपावे, गिऱ्हाईकही झोपलेले असते. संध्याकाळी सातला मात्र जागेवर हवे, कारण तिकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात आणि कामे टाकणारे टेबलाशी येऊन बसलेले असतात. माझी सगळी बरी कामे कुकरची शिट्टी आणि मालिका यांच्या मध्ये मिळाली आहेत.

इंग्रजीची भीती बऱ्याच जणींना असते, मलाही होती. क्लासच्या परिच्छेदात व्याकरण चोख होते, पण ते कोणाचेच नव्हते. आता मी तीन-चार शब्दांची वाक्ये लिहिते. फाइल मिळाली. ४२ पाने आहेत. पान ७ वर अडचण आहे. मंगळवारी देते. अशा वाक्यांत चूक करायला जागाच उरत नाही. हल्ली यंत्राकडून झकपक इंग्रजी लिहून घेण्याची सोय झाली आहे. व्याकरण तपासायला मीही ती वापरते. पण सगळा मजकूरच यंत्राचा घेतला तर पुन्हा सगळे मेहनती आणि समर्पित. आमचे सर निदान २६ जणांनाच एक परिच्छेद वाटत होते.

आता भामट्यांबद्दल. त्या चाळीस प्रस्तावांतून आलेले एक उत्तर असे होते : हजार पाने टंकायची, पानाला ५० रुपये, पण आधी अडीच हजार अनामत. मी भरणार होते, यजमानांनी अडवले. आमच्या तुकडीतल्या निवृत्त बाईंना अडवायला कोणी नव्हते. त्यांनी पैसे भरले, काम केले, मग ‘चुका जास्त आहेत, करारभंग झाला’ म्हणून वकिलाची म्हणवणारी नोटीस आली आणि आणखी पैसे मागितले गेले. त्या महिनाभर झोपल्या नाहीत. काम देणारा कधीही पैसे मागत नाही, घरच्या मोलकरणीला आपण अनामत मागतो का? अशी मागणी आली की तिथेच थांबावे, आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. दुसरा प्रकार क्लासनेच सुचवला होता : अभिप्राय असलेले तयार खाते भाड्याने मिळवून देतो. ही खाती त्या त्या माणसाच्या ओळखपत्राशी जोडलेली असतात, दुसऱ्याने वापरलेले कळले की बंद होतात आणि अडकलेले पैसे अडकूनच राहतात. मी नको म्हटले तेव्हा सर म्हणाले, मग तुम्हाला पाच वर्षे लागतील. नाही लागली.

पैशाचेही सांगितले पाहिजे, लेखात त्यावर एक ओळ नव्हती. ठरलेली रक्कम हाती येत नाही. फायव्हर २० टक्के कापते. अपवर्कचीही कपात असते, ती काम घेताना दिसते. वर डॉलरचे रुपये करताना काही जाते. दर ठरवताना हे धरायचे असते. मी पहिल्या कामात धरले नव्हते. आणि परदेशातून आले म्हणजे करमुक्त, हा गल्लीगल्लीत ऐकू येणारा समज आहे, तसे नाही. ते इथलेच उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावे लागते. बँकेचे आणि संकेतस्थळाचे सगळे कागद मी एका पिशवीत ठेवते. पिशवी रसवंतीची आहे, माझा लोगो नसलेली.

महिन्याकाठी छापखान्यात मिळे त्याहून थोडे जास्त मिळते. काही महिने काहीच मिळत नाही. गेल्या मे महिन्यात एकही काम नव्हते, कैरीची लोणची घातली. डॉलरचे डोंगर वगैरे काही नाही, जाहिरातीत लिहितात तसे. पण मान वर करून दर सांगता येतो, हे छापखान्यात कधी जमले नव्हते.

आपल्या लेखकांना एवढीच विनंती : पुढचा लेख लिहिताना एका प्रोफाइलची आधीची आणि नंतरची पाटी शेजारीशेजारी छापा. माझी हवी तर देईन. पाच जागांना लाल घेर मीच करून देते. वाचकांना दहा सूचनांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

पत्र लांबले आहे. जागेअभावी कात्री लावलीत तरी माझी तक्रार नाही. फक्त आपल्या कार्यालयात मजकूर एका फॉन्टातून दुसऱ्यात जाताना ‘हरभऱ्याची डाळ’ तेवढी तपासून घ्यावी. मागच्या दिवाळीत आपल्याच पाककृतींच्या पानावर ती दोनदा ‘हरभर्याची’ आली होती.

कळावे,
आपली जुनी वाचक,
एक जुळारी, नारायण पेठ, पुणे
(नाव छापू नये. तुकडीतली मंडळी अजून भेटतात.)